पत्ता मी टाकला, शेपूट कुणी लावलं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. परवा कॉम्प्युटरवर एका दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता टाकत होते. शेवटचं अक्षर टाकते न टाकते तोच पुढे प्रश्नचिन्ह, 'रेफ' (ref) आणि एक लांबलचक आकडा आपोआप चिकटला. भाचा म्हणतो, "मावशी, साइट तर तीच उघडली ना? मग तुझं काय गेलं?" खरंच काही गेलं नाही का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : बाई, (शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार?) भाच्याचं अर्धं बरोबर आहे. तुमच्या खिशातून बहुधा काही गेलं नाही. तो आकडा म्हणजे 'हे गिऱ्हाईक आम्ही पाठवलं' अशी चिठ्ठी. तुम्ही खरेदी केली की चिठ्ठीवाल्याला कमिशन.

आता असं बघा. नागपूर स्टेशनवर उतरून पाहुण्याने ऑटोवाल्याला सीताबर्डीतल्या लॉजचं नाव सांगितलं. त्याने तिथेच सोडलं, भाडंही ठरलं तेवढंच घेतलं. पाहुणा बॅग उतरवतोय तोवर हा काउंटरवर जाऊन "पॅसेंजर मी आणला" म्हणत शंभर रुपये घेऊन आला. अरे, लॉज तर पाहुण्यानेच सांगितला होता ना बाप्पा!

हे नुसतं उदाहरण नाही. जून 2020 मध्ये ब्रेव्ह हा ब्राउझर (क्रोमसारखा, वेबसाइट उघडायचा प्रोग्राम) नेमका यातच सापडला. बायनान्स या क्रिप्टो (डिजिटल चलनाच्या) बाजाराचा पत्ता टाकला की तो स्वतःचा रेफरल कोड, म्हणजे तीच चिठ्ठी, जोडून पत्ता पूर्ण करायचा. आणि हा ब्राउझर खपत होता तो खासगीपणा जपणारा म्हणून! प्रमुख ब्रेंडन आइक (1995 मध्ये जावास्क्रिप्ट ही वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा घडवणारे तेच) यांनी चूक कबूल केली आणि ती सोय बंद झाली. ब्रेव्हचा प्रोग्राम ज्या मजकुरातून बनतो तो सगळ्यांना वाचायला खुला होता, म्हणून हा प्रकार लोकांना दाखवताही आला. बंद डब्यातलं कोण बघणार?

काही ब्राउझर पत्त्यातलं 'एचटीटीपीएस' नि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लपवतात. मला तेही आवडत नाही, पण ते फक्त झाकणं झालं. तुम्ही लिहिलेल्यात न विचारता भर घालणं वेगळं. सर्चमध्ये 'साडी' टाकल्यावर जाहिराती आल्या तर समजू शकतो. तिथे तुम्ही विचारलेलं असतं. पत्ता टाकता तेव्हा तुम्ही विचारत नसता, सांगत असता. भाच्याच्या हिशेबात हे कुठेच येत नाही.

पण लगेच ब्राउझरवर आळ घेऊ नका. कधीतरी व्हॉट्सॲपवर आलेली अशीच शेपटीवाली लिंक तुम्ही उघडली असेल, तर ब्राउझर तीच आठवून पुढे करतो. पत्त्याच्या पट्टीखाली ती सूचना दिसली की बाणाच्या बटणाने तिच्यावर जा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती निघते. मग एक्स्टेंशन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) बघा, विशेषतः कूपन शोधून देणारी. एकेक बंद करून पुन्हा पत्ता टाका.

तरीही शेपूट उगवलंच, तर एंटर दाबायच्या आधीचा स्क्रीनशॉट पाठवा. ब्राउझरचं नाव आणि व्हर्जनही लिहा.