पहिला मानसशास्त्रीय अभ्यास करताय? प्रश्नावलीची घाई नको

आधी एका वाक्यात लिहा, नेमकं काय मोजायचंय. ‘मोबाइलचा मनावर परिणाम’ हा विषय झाला. ‘झोपण्याआधी तासभर मोबाइल पाहणाऱ्यांना झोप उशिरा लागते का?’ हा प्रश्न.

नवखे हमखास इथे घसरतात:

- एकात दोन प्रश्न. ‘अभ्यासाचा आणि परीक्षेचा ताण येतो का?’ याला ‘हो’ आलं, तर कशाला हो?
- सहसंबंध दिसला, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलताना दिसल्या, की कारणच सापडलं असं वाटणं.
- नमुन्यात, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या लोकांत, सगळी मित्रमंडळी.

आता सहभागींची संमती. नुसती सही पुरत नाही. १९६१ मध्ये सुरू झालेल्या मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगात लोकांना वाटत होतं, आपण पलीकडच्या खोलीतल्या माणसाला खरोखर विजेचे झटके देतोय. आणि कुणी थांबू लागलं की ‘चालू ठेवा’ असं सांगितलं जाई. म्हणून ‘कारण न देता कधीही थांबू शकता’ हे तोंडीही सांगा. माझ्या पहिल्या अभ्यासात एक जण मध्येच उठली, तर मी ‘पाचच प्रश्न राहिलेत’ म्हणून तिला बसवलं. अजून खटकतं ते.

नैतिकता समितीची, म्हणजे अभ्यासात सहभागींना त्रास होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी माहिती गोळा करण्याआधीच घ्या. संख्याशास्त्राचं नंतर बघू. मंजुरी मिळाली की आधी चार-पाच जणांकडून प्रश्नावली भरून घ्या आणि ते कुठे अडखळतात तेवढं टिपा.