इतकी प्रार्थना करते, तरी स्वभाव का बदलत नाही? : सिस्टरांची वही

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. वॉर्डमध्ये पेशंटच्या खाटेला लावतात तसा तो टीपीआर चार्ट होता. ताप, नाडी, श्वास यांच्या जागी रकाने होते : राग, कठोर शब्द, मत्सर, प्रार्थनेत मन भरकटलं. रोज सकाळ-संध्याकाळ लाल शाईचं टिंब, आणि टिंबं जोडणारी रेघ. मला हसू येत होतं, ते मी कसंबसं आवरलं.

"बघा मॅडम, सहा महिने झाले," त्या म्हणाल्या. "ताप काय उतरत नाही."

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उघडलं. तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती कुटुंबांत नर्सिंग मुरलेलं आहे. कुणाच्याही नात्यागोत्यात एखादी तरी सिस्टर निघतेच. या त्यांपैकीच एक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना इथे नुसतं सिस्टर म्हणते.) वय त्रेसष्ट, नवरा वारलेला, घरात मुलगा, सून आणि शाळकरी नातू. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांचा शब्द मानला जातो. शुक्रवारी उपवास, पहाटे पाचला प्रार्थना, महिला मंडळाचा हिशेब त्यांच्याकडे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तेव्हा शाळेत आणून ठेवलेल्या माणसांसाठी त्या आठ दिवस पोळ्या लाटत होत्या. आणि घरी? घरी सुनेशी रोज खटका.

मी समुपदेशन करते. त्यांचा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी घेऊन येतं, बहुतेकदा मंडळीतलं सगळ्यात कष्टाळू माणूस. इतकी वर्षं प्रार्थना, उपवास, वचन वाचन चालू आहे. मग पवित्रीकरण म्हणतात ते, म्हणजे माणूस हळूहळू पवित्र होत जाणं, माझ्यात होत का नाही? माझा विश्वासच खोटा आहे का?

मी चहा मागवला. त्यांनी हात जोडले. "मला नको हं. माझा आहे." पिशवीतून थर्मास निघाला आणि त्याच्या झाकणात त्यांनी स्वतःचा चहा ओतून घेतला. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आधी मी जे तपासायचं ते तपासलं. वहीला रोज किती वेळ लागतो? एकदा क्षमा मागितली की मन शांत होतं, की तेच पाप पुन्हा पुन्हा आठवून पुन्हा पुन्हा क्षमा मागावी लागते? झोप, भूक कशी आहे? हे विचारावंच लागतं. काहींच्या बाबतीत पापाची धास्ती हा मंत्रचळाचा आजार असतो. त्यात तासन्‌तास जातात, तरी मनाची खात्री पटत नाही, आणि तिथे उपदेशाआधी मानसोपचारतज्ज्ञ लागतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात असताना इतक्या बारीकसारीक गोष्टींची कबुली द्यायचा, की त्याचा वडीलधारा स्टाउपिट्झ कंटाळून जायचा. आज असा तरुण माझ्याकडे आला तर मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवीन. सिस्टरांचं तसं नव्हतं. वहीला दहा मिनिटं लागायची आणि झोप चांगली होती.

मग मी एक चूक केली. पाचवा रकाना आखून दिला : 'आज प्रेमाने केलेलं काम'. नुसती पापं काय मोजता, चांगलंही मोजा, असा माझा हिशेब. दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा रकाना भरलेला होता. चौदा दिवस, चौदा कामं. शेजारच्या म्हातारीला डॉक्टरकडे नेलं. नातवाचा डबा केला. सुनेची साडी इस्त्री केली. आणि घरातली भांडणं वाढली होती. मला कळेना. सुनेला भेटू का, असं विचारलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "भेटा की. मी किती प्रयत्न करतीय ते तीच सांगेल तुम्हाला."

सून सांगलीला एका पतसंस्थेत कामाला होती. संध्याकाळी एसटीतून उतरली ती तशीच माझ्याकडे आली. सासूबद्दल वाईट बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे बराच वेळ नुसती पदराशी खेळत बसली. मग म्हणाली, "आई माझ्यासाठी सगळं करतात हो. पण माझ्या हातचं त्यांना काही चालत नाही. गुडघा धरून बसतात, शेकायला पिशवी आणते म्हटलं की म्हणतात, प्रभू सेवा करून घ्यायला आला नव्हता, करायला आला होता. साडी इस्त्री केली ती मी न सांगता. मला नकोच होती. संध्याकाळी वहीत लिहिलेली दिसली."

"आणि माफी मागतात?"

"मागतात की. म्हणतात, देवाने मला दाखवलं की मी तुझ्याशी रागाने बोलले. चूक तुझी होती, पण मी तुझी क्षमा मागते." ती थोडं हसली. "अशी माफी मिळाली की वाटतं, त्यापेक्षा अजून दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं." मग उठता उठता म्हणाली, "सोवळंच आहे ते एक. आमच्या घराण्यात चार पिढ्यांपूर्वी सुटलं म्हणतात, ते आईंनी परत आणलं."

तो शब्द ऐकला आणि थर्मास मला आठवला.

सोवळं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मी शुद्ध आहे, म्हणून मला शिवू नका. ख्रिस्ती पवित्रता शब्दाने त्याच्या जवळ जाते, कारण 'पवित्र' याचा शास्त्रातला मूळ अर्थही वेगळं केलेलं, देवासाठी राखलेलं असाच आहे. घोळ तिथेच होतो. शुभवर्तमानातला येशू कुष्ठरोग्याला हात लावतो, जकातदाराच्या घरी जेवायला बसतो, शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. पाणी मागतो, हे लक्षात घ्या. देत नाही, आधी मागतो. ज्यांच्या भांड्याला यहुदी शिवत नसत, त्यांच्याकडे.

पुढच्या भेटीला मी सुनेची परवानगी घेऊन, तिचे शब्द थोडे सौम्य करून सिस्टरांना सांगायचं ठरवलं होतं. पण त्याआधी वहीच्या पहिल्या पानावर नजर गेली. तिथे सुंदर अक्षरात इब्री लोकांस पत्रातलं वचन लिहिलेलं होतं : पवित्रीकरण मिळवण्याचा झटून प्रयत्न करा, त्यावाचून कोणालाही प्रभूला पाहता येणार नाही. मी त्यांना शास्त्र उघडायला लावलं. बारावा अध्याय, चौदावी ओवी. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. ओवीची सुरुवात आहे ती सर्वांबरोबर शांततेने राहण्यापासून. तो भाग वहीत नव्हता.

"मी अर्धीच लिहिली," त्या म्हणाल्या. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

मी विचारलं, "प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग तुम्ही किती वेळा ऐकला असेल?" योहानाच्या तेराव्या अध्यायातला तो उतारा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी मंडळीत दरवर्षी वाचला जातो. त्या म्हणाल्या, लहानपणापासून. "ऐकताना तुम्ही तिथे कोण असता?"

"पाणी घेऊन प्रभूच्या मागे," त्या लगेच म्हणाल्या. नर्सच त्या.

"आणि पेत्राचं काय?"

येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. वरवर बघितलं तर ही केवढी नम्रता. येशूचं उत्तर मात्र कडक आहे : मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. शिष्यांनी एकमेकांचे पाय धुवावेत ही आज्ञा त्यानंतर येते. आधी पाय पुढे करावे लागतात.

त्या बराच वेळ गप्प होत्या. बाहेर रिक्षावाल्यांची हुज्जत चालली होती. मग त्या एकदम वॉर्डात गेल्यासारख्या बोलू लागल्या. "मोठी मोठी माणसं असायची. मास्तर, पाटील. बेडपॅन द्यायला गेलं की तोंड भिंतीकडे फिरवायची, रडायची. मी म्हणायची, लाजू नका काका, आज तुमची पाळी, उद्या माझी." थोडं थांबून म्हणाल्या, "माझी पाळी मी कधी येऊच दिली नाही, नाही का?"

याच्यावर मी काही बोलले नाही. बोलायला हवंही नव्हतं.

वही बंद ठेवायची असं आम्ही ठरवलं, कायमची नव्हे, चाळीस दिवस. त्यांनीच आकडा निवडला. तिच्या जागी दोन कामं. रोज घरातल्या कुणाच्या तरी हातून एक गोष्ट घ्यायची आणि त्या दिवशी तिची परतफेड करायची नाही. आणि क्षमा मागायची तर 'पण' हा शब्द येऊ द्यायचा नाही, देवालाही साक्षीला बोलवायचं नाही. "मी तुला तोडून बोलले. माझं चुकलं." बस. हे दुसरं त्यांना फार जड गेलं. "देवाचं नाव काढलं की माझी अब्रू राखली जाते हो," असं त्या म्हणाल्या. इतकं प्रामाणिक वाक्य मला माझ्या धंद्यात क्वचित ऐकायला मिळतं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण नम्रतेवर बोललं की तिचा गैरवापर करणारे टपलेलेच असतात. तासगावकडची एक बाई माझ्याकडे यायची. नवरा मारायचा, आणि वडीलधारे तिला सांगायचे, नम्र राहा, प्रीती सगळं सोसते. मार खाऊन गप्प बसणं म्हणजे लीनता, असं शास्त्रात कुठेही नाही. तिला मी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर दिला आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली काय करता येतं ते सांगितलं. तिच्या हातात अशी वही दिली असती तर ते पाप झालं असतं. सिस्टरांच्या घरात सत्ता सिस्टरांकडे होती. नम्रतेचा उपदेश कुणाला करायचा हे त्यावरून ठरतं.

पहिला आठवडा फजितीचा गेला. सुनेने शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली, तर सिस्टरांनी पाणी किती गरम, बूच घट्ट आहे का, वर टॉवेल का नाही, अशी तिची परीक्षाच घेतली. मुलगा म्हणाला, "आई, तू पेशंट आहेस, मेट्रन नाहीस." क्षमा मागतानाही 'पण' आलाच, फक्त या वेळी तो कानावर पडताच त्या थांबल्या आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. सून सांगत होती, त्या दुसऱ्या वाक्याला तिला रडू आलं.

तिसऱ्या आठवड्यात त्या घाबरून आल्या. वही बंद असूनही आता जास्त पापं दिसतात म्हणे. पूर्वी राग मोजायची, आता रागाच्या खाली असलेला गर्व दिसतो. मी खाली गेले की काय? मी त्यांना प्रेषित पौलाच्या पत्रांतली तीन वाक्यं काढून दिली. करिंथकरांना लिहिताना तो स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणतो. इफिसकरांना लिहिताना सर्व पवित्र जनांतील लहानातला लहान. तीमथ्याच्या पत्रात तर पाप्यांतला मुख्य. पत्रं या क्रमाने वाचली तर माणूस एकेक पायरी खाली उतरताना दिसतो, आणि त्याला घसरलेला कुणी म्हणत नाही. त्यांनी तिन्ही ओव्या एका चिठ्ठीवर उतरवून घेतल्या. रकाने न आखता.

थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी पौल प्रार्थना करतो, ती मला या सगळ्या प्रकरणात सारखी आठवत राहिली. प्रभू तुमची एकमेकांवरची प्रीती वाढवो, म्हणजे तुमची मनं पवित्रतेत निर्दोष ठरतील, असा तिचा आशय. आधी प्रीती, मग पवित्रता. आपण सगळे हे उलटं करतो : आधी मी पवित्र होते, मग लोकांवर प्रेम करीन. माझंही तेच चाललेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्याला सतत काहीतरी द्यायचं, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, ही खोड मला आहेच. रकाना आखून देताना तीच नडली.

स्वभाव बदलला का? थोडा. आवाज अजून चढतो. महिला मंडळाच्या हिशेबात चार रुपयांची तफावत आली तर कुणाची खैर नाही. सुनेशी खटके उडतात, पण संध्याकाळपर्यंत मिटतात, आणि मिटवायला दोघींपैकी कुणीही आधी येतं. वहीची उरलेली पानं नातवाने रफ कामाला घेतली.

शेवटच्या भेटीला त्या सुनेच्या स्कूटीवर मागे बसून आल्या. एक हात तिच्या खांद्यावर, दुसरा जीव मुठीत धरल्यासारखा सीटला. सून खाली थांबली. मी सवयीने चहा मागवला आणि सवयीने त्यांच्या पिशवीकडे पाहिलं. थर्मास नव्हता. कप आला, त्यांनी तो घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे गं," त्या म्हणाल्या. "एक चमचा घाल की."