वाचक विचारतात: ड्यूकच्या जमिनीला हिस्से का पडत नाहीत?

प्रश्न (पवनी तालुका, भंडारा): आमच्या पणजोबांची धानाची शेती तिसऱ्या पिढीत दोन-दोन एकरांवर आली. इंग्लंडच्या ड्यूकांच्या हजारो एकरांची वाटणी का होत नाही? सगळं थोरल्याला द्यायचा तिथे कायदा आहे का?

उत्तर: ड्यूक हा तिथल्या सरदारांचा सर्वांत वरचा किताब. कायदा किताबाला आहे, जमिनीला नाही. किताब राजाच्या सनदेप्रमाणे चालतो आणि बहुतेक सनदांत औरस पुरुष वंशजाचीच अट असते. 2016 मध्ये सहावे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर वारले, तेव्हा दोन मोठ्या बहिणी असूनही किताब त्यांचा 25 वर्षांचा मुलगा ह्यू याच्याकडे गेला.

जमिनीचं तसं नाही. मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्याची, हा जुना नियम इंग्लंडमध्ये 1925 च्या कायद्याने गेला. पण आपल्याकडे वडिलोपार्जित वावरात मुलामुलींना जन्मतःच हिस्सा असतो, तसा तिथे नसतो. त्यामुळे भावाला वाटणीचा दावाच लावता येत नाही. बरीच घराणी जमीन ट्रस्टच्या नावे ठेवतात. उत्पन्न ड्यूकला मिळतं, मात्र मनाला येईल तेव्हा विकता येत नाही. शिवाय आपल्याकडे मालगुजारी (जमीनदारी) 1951 मध्ये संपली किंवा 1961 मध्ये कमाल धारणेचा कायदा आला, तसं काही इंग्लंडमध्ये झालं नाही.

तिथली खरी भीती मृत्यूनंतरच्या कराची. दहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरनी 1946 मध्ये मिळकत मुलाच्या नावे केली. (नाव डेव्हनशायर असलं तरी त्यांचा चॅट्सवर्थ वाडा डर्बीशायरमध्ये आहे.) बक्षीस दिल्यावर पाच वर्षं जगलं तरच कर माफ, असा तेव्हाचा नियम होता. ते नोव्हेंबर 1950 मध्ये, मुदतीला काही महिने उरले असताना गेले आणि 80 टक्के कर बसला. हजारो एकर जमीन आणि मोलाची चित्रं गेली, हार्डविक हॉल हा जुना वाडा करापोटी सरकारला द्यावा लागला. कर फिटायला बरीच वर्षं गेली. आता मुदत सात वर्षांची आहे. दर साधारण 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के. शेतीला वेगळी सवलत मिळते. अनेकांची चूक होते ती पुढे: वाडा मुलाच्या नावे करून स्वतः त्यातच बिनभाड्याने राहिलं, तर करापुरतं ते बक्षीस धरतच नाहीत. बाजारभावाने भाडं भरावं लागतं.

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ): मुलगा नसेल तर ड्यूकला दत्तक घेता येतो का? मुलीला काय मिळतं?

उत्तर: दत्तक घेता येतो, पण किताब त्याला मिळत नाही. 2004 पासून दत्तक मुलांना लॉर्ड, लेडी ही संबोधनं लावता येतात, एवढंच. मुलीला जमीन मात्र मिळू शकते. सातवे ड्यूक ऑफ पोर्टलंड 1977 मध्ये वारले. किताब लांबच्या भाऊबंदांकडे गेला, वेलबेकची जमीन मुलगी लेडी अ‍ॅन यांच्याकडे राहिली. 1990 मध्ये त्या शाखेतही पुरुष वारस उरला नाही आणि ड्यूकपद संपलं. मार्लबरोच्या ड्यूकचा किताब हा अपवाद. 1706 च्या खास कायद्यामुळे तो मुलीलाही मिळतो, आणि 1722 मध्ये पहिल्या ड्यूकची मुलगी हेन्रिएटा यांना मिळाला.

प्रश्न (अचलपूर, अमरावती): गाविलगड घेणारा वेलस्ली हाच वेलिंग्टनचा ड्यूक का? किताब गाविलगडसाठीच मिळाला का?

उत्तर: माणूस तोच, किताब त्यासाठी नाही. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावची लढाई आणि 15 डिसेंबरला गाविलगड झाल्यावर 1804 मध्ये त्याला फक्त ‘सर’ ही पदवी मिळाली. पुढच्या पायऱ्या स्पेन-पोर्तुगालच्या युद्धातल्या: 1809 मध्ये व्हायकाउंट, 1812 मध्ये अर्ल आणि मार्क्वेस, मे 1814 मध्ये ड्यूक. म्हणजे नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूच्या लढाईच्याही आधी. ड्यूकपदासोबतच मार्क्वेस ऑफ डौरो ही पदवीही मिळाली, म्हणून ड्यूकचा थोरला मुलगा बापाच्या हयातीत मार्क्वेस ऑफ डौरो म्हणवतो. इंग्लंडमधली त्याची स्ट्रॅटफील्ड से इथली जमीन 1817 मध्ये पार्लमेंटने दिलेल्या पैशातून घेतली. तिचा सारा म्हणून ड्यूक दरवर्षी 18 जूनला, वॉटर्लूच्या दिवशी, राजाला एक छोटा फ्रेंच झेंडा देतो.