नितळ पाणी सोडूनही नदीतले मासे का मरतात?

प्रश्न : आमच्या छोट्या शहरात सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू झाल्यापासून नदीत सोडले जाणारे पाणी नितळ दिसते आणि त्याला दुर्गंधीही येत नाही. तरीही उन्हाळ्यात काही किलोमीटर खाली नदी हिरवी पडते आणि एखाद्या सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतात. केंद्र नीट चालत नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे लगेच समजू नये. केंद्र नेमून दिलेले काम चोख करीत असेल, पण नदीला जाचणारे सर्व घटक काढणे हे काम त्याला नेमूनच दिलेले नसेल. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या सक्रिय गाळ पद्धतीत, हवा पुरवून वाढवलेले जिवाणू सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खातात, त्यांचा गाळ तळाशी बसतो आणि वरचे नितळ पाणी बाहेर सोडले जाते. अमोनिया आणि फॉस्फेट मात्र पाण्यात विरघळलेले असतात. ते काढण्याची खास सोय नसेल, तर त्यांचा मोठा भाग डोळ्यांना न दिसता नदीत जातो.

नदीतले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, तेव्हा अमोनियातील दर एक ग्रॅम नत्रामागे सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मुळात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, हे लक्षात घेतले की हा खर्च किती भारी आहे ते कळते. शिवाय तो सावकाश होतो, त्यामुळे प्राणवायूचा नीचांक सांडपाण्याच्या मुखाशी न येता बराच खाली येतो. ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ही घसरण गणिताने मांडली होती.

फॉस्फेटवर शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री इतर सजीवांप्रमाणे तोच वापरते, म्हणून पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी, पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे नेमके तेव्हा गुदमरतात. दुपारी मुखाशी घेतलेला नमुना उत्तम येईल आणि तरीही आपली तक्रार खरी असेल. पहाटेचा, खालच्या अंगाचा नमुना घेण्याचा आग्रह आपण अवश्य धरावा.

राहिला प्रश्न उन्हाळ्याचा. ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ मध्ये बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाच दिवसांत लागणारा प्राणवायू, लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि तरंगते घन पदार्थ ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली, ती नदीत किमान आठपट पाणी मिसळेल असे धरून. पुढे हे आकडे अनेक ठिकाणी उचलले गेले, त्यामागची अट मात्र बरेचदा मागे राहिली. आटलेल्या नदीत आठपट पाणी कोठून येणार? अशा वेळी नदीचा प्रवाह पाहून मर्यादा अधिक कडक करणे हाच न्याय्य मार्ग आहे, असे मला ठामपणे वाटते.

प्रश्न : कुशल कर्मचारी आणि अखंड वीज नसलेल्या शहराने काय करावे?

उत्तर : जमीन उपलब्ध असेल, तर एकापुढे एक तळी बांधण्याची पद्धत अशा शहरासाठी अधिक भरवशाची आहे. पहिल्या खोल तळ्यात घाण प्राणवायूविना कुजते, पुढच्या उथळ तळ्यांत शेवाळ आणि जिवाणू परस्परांना पूरक ठरतात आणि शेवटच्या तळ्यात ऊन व काळ मिळून बहुतेक रोगजंतू नष्ट करतात. बाहेर येणारे हिरवट पाणी, तपासणी करून, कोरड्या महिन्यांत नदीऐवजी शेतीला द्यावे. नदीला नकोसे असलेले नत्र आणि फॉस्फरस पिकांना हवेच असतात. मात्र पहिल्या तळ्यातील गाळ काही वर्षांनी काढावाच लागतो आणि त्या खर्चाची तरतूद आरंभापासून हवी, कारण गाळाने भरलेल्या तळ्यात सांडपाणी पुरेसे थांबत नाही आणि जवळजवळ जसेच्या तसे पुढे निघून जाते.