जुलैत समुद्र खवळतो, मग चक्रीवादळं मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पावसाळ्यात अरबी समुद्र सगळ्यात जास्त खवळलेला असतो, मासेमारीही बंद असते; मग तौक्ते, निसर्ग, फयान ही वादळं ऐन पावसाळ्यात न येता त्याच्या आगेमागेच का आली?

निरीक्षण अगदी बरोबर आहे. तौक्ते मे २०२१, निसर्ग ३ जून २०२०, फयान नोव्हेंबर २००९. आता जुलैमधलं एखादं नाव आठवून बघा. मलाही आठवत नाही, आणि मी बारा वर्षं व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर आहे. याच समुद्रात माझी अर्धी नोकरी गेली.

गंमत अशी की जुलैत समुद्र ज्या वाऱ्याने खवळतो, तोच वारा चक्रीवादळाला उभं राहू देत नाही.

चक्रीवादळ म्हणजे आजीच्या माजघरातली उतरंड समजा. समुद्रापासून पंधराएक किलोमीटर उंचीपर्यंत एकावर एक रचलेली, आणि सगळी मडकी एका रेषेत असतील तरच टिकणारी. पावसाळ्यात खाली नैऋत्येचा जबरदस्त वारा असतो. सोमालियाजवळ तर दीड किलोमीटर उंचीवर तो पन्नास नॉटपर्यंत जातो (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). आणि वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, नेमका उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत. खालचं मडकं एकीकडे ओढलं जातंय, वरचं दुसरीकडे. उतरंड रचता रचताच कोसळते.

दुसरी गोष्ट पाण्याची. वादळ पोसायला पृष्ठभागाचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर लागतं. मे महिन्यात लक्षद्वीपच्या आसपास ते तिसाच्या वर जातं. पावसाळी वारा मात्र सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाजूला सारतो आणि खालचं गार पाणी वर येतं. हे आम्हाला जहाजावर बसून कळतं, कारण इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात आणि त्याचं तापमान इंजिनरूममध्ये नोंदलं जातं. एका जुलैत अमिरातीतल्या फुजैराहून ओमानमधल्या सलालाकडे निघालो होतो. निघताना पाणी बत्तीस अंश. रास अल हद्दला, म्हणजे ओमानच्या पूर्व टोकाला, वळसा घातला आणि दुसऱ्या दिवशी आकडा पंचवीसवर. चीफ इंजिनिअर खूश, आम्ही बाकीचे आडवे. कारण त्याच वळणावर समुद्र बदलतो.

तो समुद्र कसा असतो ते सांगतो. जेवणाच्या टेबलावर चादर ओली करून अंथरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. तरी वरणाची वाटी हातातच धरावी लागते. झोपताना लाइफ जॅकेट गादीच्या एका कडेखाली खुपसायचं आणि अंग भिंतीला टेकवून पडायचं, नाहीतर रात्रभर गडगडायचं. हवामानाच्या बुलेटिनमध्ये लाटेची उंची पाच मीटर लिहिलेली असते, पण तो आकडा सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट निघते. नवीन पोरांना हे पहिल्याच फेरीत समजतं.

या काळात वाऱ्याचा वेग कधी कधी चौतीस नॉटच्या घरात जातो. आपलं हवामान खातं चक्रीवादळ म्हणायला सुरुवात करतं तो हाच आकडा! फरक एवढाच की हा वारा गोल फिरत नाही. आफ्रिकेच्या बाजूने सरळ आपल्याकडे येतो, आठवडेच्या आठवडे, मध्ये दोन हजारांहून जास्त किलोमीटर नुसतं पाणी. कोकण किनाऱ्यावर पावसाळाभर ज्या लाटा आपटतात त्यांना एवढी धाव मिळालेली असते. म्हणून महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते (माशांच्या विणीचा काळ हे कारण आहेच), आणि होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात.

तिसरं कारण पटकन सांगून टाकतो: ज्या कमी दाबाच्या पट्ट्यात वादळं जन्मतात तो पट्टा जुलैत समुद्रावर नसतोच, उत्तर भारतात गंगेच्या मैदानावर सरकलेला असतो. मे-जूनमध्ये वर जाताना आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत येताना तो समुद्रावर असतो. तेव्हा पाणी गरम असतं आणि वरखालचे वारेही फारसे भांडत नसतात.

अपवाद आहेत. बिपरजॉय ६ जून २०२३ ला तयार झालं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं. त्या वर्षी मान्सून मुंबईत पोचायलाच २५ जून उजाडला होता, म्हणजे उतरंड पाडणारा वारा अजून जागेवर नव्हता. ऑगस्ट २०२४ चं असना त्याहून विचित्र. जमिनीवरून सौराष्ट्र-कच्छ ओलांडून समुद्रात उतरलं आणि तिथे त्याचं चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये असं त्याआधी १९७६ साली झालं होतं.

म्हणून मला विचाराल तर भीती वाटते ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची. पाणी तेलासारखं सपाट, हवा कोंडलेली, क्षितिज पांढुरकं. तेव्हा मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, बॅरोमीटरकडे जरा जास्तच बघतो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरल्याप्रमाणे वर-खाली होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारला उतरतो. हा रोजचा चढउतार वजा केल्यावर दाब नेहमीपेक्षा तीन मिलिबार कमी दिसला तर संशय घ्यायचा. पाच कमी दिसला तर संशय संपला, वादळ जवळ आहे. मग वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. केंद्र आपल्या उजव्या हाताला, किंचित मागे असतं. उपग्रहाचं चित्र हातात असतानाही हे आम्हाला परीक्षेत घोकावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

निसर्ग आलं तेव्हा मी करोनामुळे जहाजावरच अडकलो होतो, घरी यायला मिळत नव्हतं. १ जूनला बुलेटिनच्या कागदावर नुसतं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, होतं. ३ तारखेला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. दोन दिवस! आमचं घर दापोली तालुक्यात. दादाचा फोन दोन दिवसांनी लागला. घराची कौलं गेली हे त्याने आधी सांगितलंच नाही, आधी म्हणाला, "पोफळी झोपल्या सगळ्या." वडिलांनी लावलेल्या होत्या.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला अशी बातमी तुम्ही पावसाळ्यात दहादा वाचाल. त्याचा अर्थ त्या बंदरात वादळी वाऱ्याची शक्यता आहे, सावध राहा, एवढाच. एक आणि दोन नंबर दूर समुद्रातल्या वादळासाठी असतात, आणि मे महिन्यात ऊन कडकडीत असताना, बंदरात पान हलत नसतानाही लागू शकतात. लोक नेमकं तेव्हाच हसतात.

दादा हसत नाही आता. मे अखेरीस पाणी सपाट दिसलं की मी जगात कुठेही असलो तरी त्याचा मेसेज येतो, "खाली काय शिजतंय का रे?" खाली म्हणजे लक्षद्वीपकडे.