कोल्हापूरच्या रोलप्ले सर्व्हरवर (खेळाडू पोलीस, नागरिक अशा भूमिका वठवतात त्या ऑनलाइन गेममध्ये) पोलीस गाड्यांची वायरलेसवरील ओळख कशी ठरवावी?

लॉस एंजेलिस पोलिसांची पद्धत आधाराला घ्यावी, असे माझे मत आहे. तेथे ‘६-ॲडम-२०’ अशा ओळखीतला पहिला आकडा विभागाचा, म्हणजे या उदाहरणात हॉलिवूडचा, आणि ‘ॲडम’ हा दोन अधिकाऱ्यांच्या गस्ती गाडीचा निदर्शक असतो. अधिकारी एकटा असल्यास ‘लिंकन’ म्हणतात. तुम्हाला शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी व जुना राजवाडा या ठाण्यांना १ ते ४ क्रमांक देता येतील. बोलताना आधी ओळख, मग ठिकाण आणि शेवटी काम सांगावे, कारण संदेश मध्येच तुटला तरी मदत बिंदू चौकात पाठवायची की रंकाळ्यावर, एवढे तरी नियंत्रण कक्षाला कळते. पाठलाग सुरू असताना इतरांनी विनाकारण वायरलेसचे बोलण्याचे बटण दाबू नये. नेमके तेव्हाच सगळ्यांना बोलायचे असते, हा भाग वेगळा.