ईटॉप्सचं ऑथोरायझेशन घेऊन परदेशात येता येतं का?

तू लिहिलंस त्याचा गोषवारा असा: मुंबईला ए-३२० च्या लाइनवर, म्हणजे विमानतळावरच्या रोजच्या देखभालीत आहेस, डीजीसीएचं (भारताच्या विमान नियामकाचं) बी-१.१ देखभालीचं लायसन्स आहे, ७८७ चा टाइप कोर्स, म्हणजे त्या विमानाचं खास प्रशिक्षणही झालंय. माझ्यासारखं ऑकलंडला यायचं मनात आहे, नाहीच जमलं तर आखात. ईटॉप्स म्हणजे दोन इंजिनांचं विमान विमानतळापासून नेहमीच्या मर्यादेपेक्षा लांब नेण्याची मुभा; एका इंटरव्ह्यूत ‘ईटॉप्स साइन करतोस का?’ असं विचारलं, तू हो म्हणालास आणि पुढच्या प्रश्नांवर गाडी अडली. म्हणून ‘दादा, तिकडे आपलं ईटॉप्स चालतं का?’ हा प्रश्न.

चालत नाही. आणि यात भारताला कमी लेखण्यासारखं काही नाही. उद्या मी इथून उठून दोह्याला गेलो तर माझंही चालणार नाही. ईटॉप्स माणसाला चिकटलेलं नसतं. आधी विमान आणि इंजिन या जोडीला मंजुरी लागते. मग ती जोडी उडवणाऱ्या कंपनीला तिच्या देशाचा नियामक वेगळी मंजुरी देतो. आणि त्या कंपनीच्या कार्यपद्धतीत तयार झालेल्या इंजिनीअरला कंपनी ऑथोरायझेशन देते, म्हणजे विमान रिलीज करायची, उड्डाणाला सोडायची, सही करण्याचा अधिकार. कंपनी सुटली की तिसरी गोष्ट संपली. त्यामुळे इंटरव्ह्यूत ‘माझ्याकडे ईटॉप्स आहे’ म्हणू नकोस. ‘अमुक कंपनीत, अमुक विमानावर ईटॉप्स रिलीज करत होतो’ असं म्हण. समोरचा माणूस एवढ्यावरूनच ओळखतो की याला विषय कळलाय. एक लक्षात ठेव, डीजीसीएच्या कागदांत हल्ली ईडीटीओ हा आयकाओचा (आंतरराष्ट्रीय विमान संघटनेचा) शब्द आहे, इथे लाइनवर सगळे अजून ईटॉप्सच म्हणतात.

मिनिटांचा इतिहास पाठ करत बसू नकोस, पण सांगाडा माहीत हवा. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडल्यावर साठ मिनिटांत पोहोचता येईल इतकंच विमानतळापासून लांब जावं, हा अमेरिकेचा १९५३ चा नियम. १९८५ मध्ये १२० मिनिटांची मुभा मिळाली आणि टीडब्ल्यूएचं ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेलं. १९८८ मध्ये १८० आली. ७७७ तर १९९५ मध्ये सेवेत येतानाच १८० घेऊन आलं. आज ७८७ ला ३३० आणि ए-३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मंजुरी आहे. ही मिनिटं एका इंजिनाच्या ठरलेल्या वेगाने, वारा शून्य धरून मोजलेली असतात. प्रत्यक्षात वारा काही शून्य नसतो. मार्च २००३ मध्ये ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघालेलं युनायटेडचं ७७७ एक इंजिन बंद करून, समोरचा वारा खात, तीन तासांहून जास्त उडालं आणि हवाईत कोनाला उतरलं. इथल्या लाइनवर नवीन पोरांना हे उदाहरण हमखास ऐकायला मिळतं, कारण ते विमान आपल्याच बेवरून (विमान उभं करायच्या जागेवरून) गेलेलं.

आता कामाचं. तू ट्रान्झिट चेक (दोन उड्डाणांमधली तपासणी) करतोस, तोही व्यवस्थित करत असशील. ईटॉप्सच्या उड्डाणाआधी त्यावर पीडीएससी येतो, म्हणजे प्री-डिपार्चर सर्व्हिस चेक. त्यात बाहेरून-आतून पाहणी आहे, पण खरा वेळ जातो टेक लॉग, म्हणजे विमानाची बिघाडांची नोंदवही, वाचण्यात. कुठला स्नॅग (बिघाड) डिफर केलाय, म्हणजे पुढे ढकललाय, तो ईटॉप्स सिग्निफिकंट सिस्टिमवर आहे का, एमईएलमध्ये (काय बंद असताना उडता येतं त्या यादीत) त्याला ईटॉप्सची अट आहे का, मागच्या सेक्टरला कोणी कशाला हात लावलाय. इंजिन ऑइल किती भरलं यापेक्षा तासाला किती खाल्लं आणि तो आकडा चढतोय का, हे बघायचं. मार्गावर एपीयूची (शेपटातल्या छोट्या साहाय्यक इंजिनाची) गरज धरलेली असेल तर त्याच्या ऑइलचंही तेच. शिवाय एपीयू उंचीवर, गारठून गेल्यावर सुरू होतो का, याची नोंद ठेवणारा कार्यक्रम वेगळा चालतो. अंधेरीच्या कुठल्या क्लासमध्ये हे शिकवतात की नाही कोण जाणे, पण इंटरव्ह्यू घेणारे इथूनच सुरुवात करतात.

बहुतेक तू अडकलास तो प्रश्न ड्युअल मेंटेनन्सचा असणार. एकाच भेटीत दोन्ही इंजिनांवर, किंवा एकसारख्या दोन सिस्टिमवर, एकाच माणसाने एकसारखं काम करायचं नाही. ते टाळता येत नसेल तर दोन वेगळी माणसं लावायची, किंवा एकाच माणसाच्या डोक्यावर दुसरा पात्र माणूस उभा करायचा. आणि नंतर ग्राउंड टेस्ट, लागलीच तर हवेतली पडताळणीही. चिप डिटेक्टर (ऑइलमधले धातूचे कण पकडणारा), फिल्टर, आयडीजी (इंजिनावरचा जनरेटर) ही नेहमीची उदाहरणं. ऑइल भरण्याबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, तिथे ‘मॅन्युअल बघून सांगतो’ हेच उत्तर.

हे का, ते पाठांतराने सांगू नकोस, ५ मे १९८३ च्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या उड्डाणाने सांग. मायामीहून नासाउला निघालेलं एल-१०११, इंजिनं तीन, माणसं १७२. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते आणि तिन्हींवर ओ-रिंग (ऑइल गळू न देणाऱ्या कड्या) नव्हत्या. एरवी डिटेक्टर ओ-रिंग लावूनच हातात यायचे, त्या रात्री स्टॉकरूममधून आलेले तसे नव्हते. आधी मधलं इंजिन ऑइल संपत आलं म्हणून बंद केलं, परत फिरताना उरलेली दोन्ही बंद पडली. विमान समुद्रापासून हजारभर मीटरवर आल्यावर मधलं पुन्हा सुरू झालं आणि त्या एकावर ते मायामीला उतरलं. इंजिनं तीन असून उपयोग झाला नाही, कारण चूक तिन्ही ठिकाणी एकच होती. माणूस बदलला तरी सवय तीच, स्टोअर तेच, गडबडीची रात्रही तीच असेल तर चूक तीच होऊ शकते. म्हणून नियमात दुसऱ्या माणसाइतकंच नंतरच्या टेस्टलाही महत्त्व आहे. हा दुसरा भाग बहुतेक उमेदवार विसरतात.

दुसरा हमखास विषय सुट्या भागांचा. ईटॉप्समध्ये सीएमपी नावाचा दस्तऐवज असतो: या विमानावर कुठला पार्ट, कुठल्या मॉडिफिकेशनचा, किती काळाने तपासायचा, कुठल्या पद्धतीने. पार्ट बसतोय म्हणून चालतोय असं इथे नाही. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचं ए-३३० टोरोंटोहून लिस्बनला जाताना अटलांटिकवर इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद झाली आणि ते ३०६ माणसांसह तरंगत अझोर्समधल्या लाजेसला उतरलं. काही दिवसांपूर्वीच उजवं इंजिन बदललेलं, बदली इंजिन जुन्या मॉडिफिकेशनचं. हायड्रॉलिक लाइन आणि फ्युएल लाइन एकमेकींच्या जोडीच्या नव्हत्या, मध्ये फट राहिली नाही, घासून घासून फ्युएल लाइनला तडा गेला. संबंधित सर्व्हिस बुलेटिन (निर्मात्याची सूचना) काम करणाऱ्यांसमोर उघडलंच नव्हतं. पायलटच्या कौशल्याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. तू मात्र त्या प्रकरणाचा इंजिन बदलाचा भाग वाच, तो आपला आहे.

मोठ्या कामानंतर विमान लगेच समुद्रावर सोडत नाहीत. पडताळणी उड्डाण लागतं, पण त्यासाठी रिकामं विमान उडवायलाच हवं असं नाही. प्रवासी उड्डाणातच ईटॉप्सच्या हद्दीत शिरण्याआधीच्या टप्प्यात ती पूर्ण करता येते, फक्त पायलट आणि कंपनीचं कंट्रोल यांना ते माहीत हवं आणि निकाल नोंदवायला हवा. आणि मन मानत नसेल तर विमान नॉन-ईटॉप्स म्हणून रिलीज करायचं. मुंबई-दिल्लीला त्याने काही बिघडत नाही. ऑकलंडहून मात्र नॉन-ईटॉप्स म्हणजे अमेरिका नाहीच: वाटेत उतरायला नान्दी, पागो पागो, पापीते, मग हवाई, बाकी पाणी. त्यामुळे इथे तुझ्या सहीवर दबाव जास्त येतो. ड्युटी मॅनेजर तीनदा फोन करेल, गोड बोलेल. सही न करण्याचा अधिकार तुझा आहे आणि इथे तो वापरणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही, हे मला या देशाचं सगळ्यात आवडलेलं.

मंजुरी मिळाली म्हणजे कायमची मिळाली असंही नाही. अमेरिकेच्या नियमात हवेत इंजिन बंद पडण्याचा दर बारा महिन्यांच्या सरासरीने बघतात. हजार इंजिन-तासांमागे तो १२० मिनिटांपर्यंत ०.०५, साधारण १८० पर्यंत ०.०३ आणि त्यापुढे ०.०२ ओलांडला की कंपनीला कारणं शोधून उत्तर द्यावं लागतं. २०१८ मध्ये ७८७ च्या काही ट्रेंट १००० इंजिनांची मर्यादा कॉम्प्रेसरच्या पात्यांमुळे ३३० वरून १४० वर आणली, तेव्हा इथल्या वेळापत्रकांची काय दाणादाण उडाली ते बघण्यासारखं होतं.

लायसन्सचं: न्यूझीलंडचं लायसन्स इथली सीएए, म्हणजे विमान नियामक संस्था देते आणि त्याच्या कॅटेगरी बी-१, बी-२ अशा नाहीत. एअरोप्लेन, पॉवरप्लांट, इलेक्ट्रिकल वगैरे वेगळ्या आहेत. तुझं बी-१.१ जसंच्या तसं उतरत नाही. काय मान्य होईल आणि कुठल्या परीक्षा द्याव्या लागतील ते सीएएला कागद पाठवूनच विचार, एजंटाला नको. युरोपात डीजीसीएचं लायसन्स थेट चालत नाही, मॉड्यूलच्या परीक्षा तिकडच्या द्याव्या लागतात. अमेरिकेच्या ए-अँड-पी या मेकॅनिक लायसन्सवर टाइप रेटिंग (ठरावीक विमानाची नोंद) नसतंच, कंपनी शिकवते. आखातातल्या कॅटेगरी तुझ्या ओळखीच्या वाटतील, म्हणून आपली बरीच मुलं आधी तिकडे जातात. मोठ्या विमानांचा अनुभव तिथे लवकर मिळतो, तो रस्ता वाईट नाही.

राजीनाम्याआधी कागद गोळा कर, नंतर कोणी फोन उचलत नाही. टास्क कार्डांच्या नोंदींसह अनुभवाचं लॉगबुक, क्वालिटीच्या सहीशिक्क्याने. टाइप कोर्सचं थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींचं प्रमाणपत्र, कारण प्रॅक्टिकलचा कागद नसल्याने अडलेले मी पाहिलेत. ईटॉप्स आणि ह्यूमन फॅक्टर्सच्या प्रशिक्षणाच्या तारखा. ऑथोरायझेशनची प्रत, त्यावर विमान आणि इंजिन स्पष्ट लिहिलेलं. ७८७ चा नुसता कोर्स आहे आणि काम ए-३२० वर केलंय, हा तुझ्या अर्जातला कमकुवत सांधा आहे. शक्य असेल तर निघण्याआधी काही महिने वाइडबॉडीच्या (७८७ सारख्या रुंद विमानांच्या) शिफ्टवर बदली माग, रात्रपाळी असली तरी.

टाइप कोर्सचा बाँड अजून चालू असेल तर त्याची रक्कम आणि तारीख आधी बघ. व्हिसाचे नियम इथे दरवर्षी हलतात, ते इमिग्रेशनच्या साइटवरच वाच. घरभाडं महाग, गाडीशिवाय पहाटेची शिफ्ट गाठता येत नाही, मराठी माणसं गणपतीला भरपूर भेटतात, बाकी आल्यावर कळेल. बायकोच्या नोकरीचं विचारलंस, त्यावर उद्या वेगळं लिहितो. तोवर लॉगबुकची शेवटची काही पानं आणि दोन्ही प्रमाणपत्रं नाव झाकून मला पाठव, कुठे फट आहे ते बघून सांगतो.